तेल लावलेले हात

भावसिंगच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या, आणि कांताबाईंना दुसरं काहीच दिसेना. भर दुपारी गोठ्यात अर्धा अंधार होता. अशा जागी माणसाची बाहुली पसरायला हवी. याची मिटत चालली होती. खाटेवर तो घामाने निथळत होता, तोंडातून लाळ गळत होती आणि गालाचं मांस आपोआप उडत होतं.

"दारू पेला असन," दिवाकर म्हणाला. दिवाकर त्यांचा मुलगा. बापाचा अडतीचा धंदा सोडून यंदा त्याने कापसाची शेती हाती घेतली होती. "मी लिंबूपानी देल्लं आहे."

"तो पेत नाही, हे तुलेही माहीत आहे."

भावसिंग आर्णीजवळच्या तांड्यावरचा. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख हिंडायचा. नातवाच्या वाट्याला दुसऱ्यांची शेतं आली. उन्हाळ्यात मात्र तो जंगलात बिबे वेचायचा. बिब्याचा चीक लागला की कातडीवर फोड येतात, म्हणून तांड्यावरची माणसं आधी कोपरापर्यंत तिळाचं तेल चोपडतात. भावसिंगच्या हाताला कधी फोड आला नव्हता, आणि हे तो ज्याला त्याला हात दाखवून सांगायचा. बोंडअळीवरचं औषध आणि पाठीवरचा पंप आला, तेव्हाही त्याने तेच केलं. हात, छाती, मान, सगळं तेलाने माखायचं आणि फवारायला निघायचं.

आज सकाळी कांताबाईंनी त्याला विहिरीपाशी तेल लावताना पाहिलं.

"भावसिंग, हे कायले?"

"औषध अंगाले लागू नये म्हनून, बाई. या तेलापुढं बिबा हारला, हे तं बाटलीतलं पानी."

"पानी नाही ते. बिब्याचा चीक तेलात अडकतो, तू घरी जाऊन धुऊन टाकतो. हे औषध तेलात विरघळतं, अन् ते तेल तू दिवसभर उन्हात अंगावर वागवतो. अंगातल्या एकेका पेशीभोवती चरबीचा पातळ पडदा असते. पान्याले तो अडवते. तेलात मिसळलेल्या विषाले नाही अडवत. तू त्याले वाट करून देऊन राह्यला."

भावसिंग हसला. "घरी बायकोले, मानीबाईले सांगतो, माह्या अंगात पडदे हायेत. ते म्हनन, एक काढून द्या, खोपीच्या दाराले लावतो."

तरीही तो साबण आणायला वळला होता. तेवढ्यात दिवाकरने हाक मारली. आभाळ भरून येऊन राह्यलं, पुस्तकं नंतर वाचता येतील, म्हणाला. पंपासोबत आलेले रबरी हातमोजे कुठे आहेत, असं कांताबाईंनी विचारलं, तर म्हणाला, कपाटात. फाटले तर आर्णीत मिळत नाहीत.

हातमोजे फाटतील म्हणून कपाटात ठेवले आणि माणूस वावरात पाठवला. आता खाटेशी उभ्या कांताबाईंना तेच पुन्हा पुन्हा आठवत होतं.

स्वातंत्र्याच्या आधी नागपूरला त्या बी.एस्सी. झाल्या होत्या. लग्नात त्या पदवीचं कौतुक झालं, नंतर ती लोणच्याच्या बरणीमागे गेली. पण शिकलेलं गेलं नव्हतं, वाचनही सुटलं नव्हतं. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो एका रसायनाच्या थेंबाने. हुकूम पोचला की एक विकर, म्हणजे एन्झाइम, तो थेंब लगेच झाडून टाकतं, म्हणून स्नायू पुन्हा सैल होतो. हे विष त्या झाडणाऱ्याचेच हात बांधतं. मग हुकूम थांबतच नाही. गाल उडतो, लाळ सुटते, छाती आवळते. छातीचे स्नायू थकले की श्वास बंद, आणि श्वास बंद झाला की प्रत्येक पेशीतल्या त्या इवल्या भट्ट्या हवेवाचून विझतात. लिंबूपाण्याने यातलं काय सुटणार होतं?

"त्याचे कपडे काढ. साबणानं अंग धू. आपल्या हाताले काही गुंडाळून घे," त्या म्हणाल्या. "अन् मोटार काढ. यवतमाळले न्यायचं."

"दवाखान्यात नेलं तं पोलीस केस होते, आई. विचारतीन, हातमोजे होते का."

"होते म्हनून सांग. कपाटात होते."

कांताबाईंचे यजमान पुंडलिकराव गोठ्याच्या दारातून म्हणाले, "आवाज कमी कर. घरातली गोष्ट घरात राहू दे. संध्याकाळपावतो उतरते ते."

"तुमाले कोनी सांगतलं, उतरते म्हनून?"

तेवढ्यात मानीबाई धावत आली. वावराच्या कडेला धुऱ्यावर गवत कापताना तिला कळलं होतं, विळा अजून हातातच होता. तिने नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, तो ओला झाला. तो तिने पदराला पुसला आणि कांताबाईंकडे पाहून विचारलं, "बाई, हा उठते का?"

खाटेवरून घरघर ऐकू आली. भावसिंग श्वास ओढत होता, पण छाती नीट भरत नव्हती.

"आई, माह्या नावाचा तरी विचार कर," दिवाकर म्हणाला. त्याने अजून बादलीला हात लावला नव्हता.

कांताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. याला त्यांनी नऊ महिने पोटात वागवलं होतं, गोवरात रात्र रात्र मांडीवर घेतलं होतं. उद्या याला पोलिसांनी नेलं तर त्यांना घास गिळवणार नव्हता. ती भीती खरीच होती. पण भीतीपेक्षा राग मोठा झाला.

"मानीबाई, हाताले फडकं गुंडाळ, साबन घे अन् याचं अंग धू. त्याले कुशीवर ठेव. विळा टाक आधी."

मग त्या ओसरीवरून बैठकीकडे निघाल्या, जिथे अडतीचा टेलिफोन होता. दिवाकर मागे आला, पुंडलिकराव दारात उभे राहिले. त्यांना बाजूला व्हायला सांगताना कांताबाई मनात जुळवत होत्या: यवतमाळचा मोठा दवाखाना मागायचा, ट्रंक कॉल, तातडीचा. औषधाचं नाव बाटलीवरून वाचायचं. गाडी पाठवा, या विषावरचा उतारा, अॅट्रोपीन, तयार ठेवा म्हणायचं. आणि शेत कुणाचं, असं पलीकडून विचारलं, तर मुलाचं पूर्ण नाव सांगायचं.