फाइनचं पान

"आय एम फाइन, आई," मॉन्ट्रियलहून लेक फोनवर म्हणाली, आणि मला एकदम तिळाच्या तेलाचा वास आठवला.

वीस वर्षांपूर्वी कॅनडातल्याच सस्काटून शहरात एका बेसमेंटमध्ये मी आणि लिन नावाची चिनी मुलगी एकत्र राहायचो. ती इंग्रजी शिकत होती. वहीच्या एका पानावर एकच शब्द लिहायची आणि लोक तो कधी वापरतात, ते बघून खाली चिनीत टिपायची. एका संध्याकाळी ती तिळाच्या तेलात नूडल्स परतत होती. मी म्हटलं, "एखादं पान वाचून दाखव ना." तिने 'फाइन'चं पान काढलं आणि अडखळत इंग्रजीत सांगितलं, "हा शब्द फोनवर आईला सांगतात. आधी रडायचं, मग तोंड धुवायचं, मग सांगायचा."

मी अशी चिडले, की दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. शिफ्ट करून इतकी दमलेली असायचे, की खरं ऐकून घ्यायचंही त्राण नव्हतं.

आजही तशीच दमून बसले होते. फोन ठेवता ठेवता लेकीला विचारलं, "तोंड धुतलंस का गं?"

ती मग हळूच म्हणाली, "हू टोल्ड यू?"