दांड्याला कसर आहे

चाक पत्र्याची भिंत फाडून आलं आणि माझ्या पाटावर आडवं झालं. पाटाचे तुकडे झाले. मी बाहेर आंब्याखाली सूप धरून उभी होते. कोंड्याच्या धुरळ्यात काही दिसेना, आणि कसरकाका आत होते.

कसरकाका पेणचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. रोह्याच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर लोखंडाच्या सळ्या तुटेपर्यंत वाकवल्या आणि वाकताना त्या किती तापतात ते मोजलं. एकोणीसशे नव्वदनंतर निवृत्त झाले आणि रामवाडीच्या आमच्या पोह्यांच्या गिरणीत यंत्रं बघायला लागले. खिशात थर्मामीटर, तापाचं, माणसाला लावतात ते. गिरणी थांबली रे थांबली की काका ते चाकाच्या दांड्याला फडक्याने बांधायचे, मग शेजारच्या दांड्याला. शेजारचा थंड आणि हा गरम, म्हणजे दोष उन्हाचा नाही. अंगात बारीक ताप असला की आपण कसर म्हणतो. ते लोखंडालाही तेच म्हणत, म्हणून कसरकाका.

"काका, सुई पण टोचताय का?" मालक विचारायचे.

"टोचली असती. ह्याचं ढुंगण कुठाय ते दाखवा."

मी गडब गावची, चौथी शिकलेली. लोखंड आजारी पडतं हे मला पटेना. त्यांनी माझ्या केसांतला आकडा मागून घेतला, भराभर मागेपुढे वाकवला आणि माझ्या हनुवटीला टेकवला. चटका बसला. "तुटायच्या आधी तापतो गो बाय," ते म्हणाले, आणि आकडा तुटला. मी म्हटलं, "शिकवलंत ते ठीक, माझा आकडा द्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी डझनभर आणून दिले.

मग मी शहाणपणा केला. जेवणाच्या सुट्टीत दांड्यावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवली. काका ओरडले, "अगो, गंजवशील त्याला! ताप उतरेल, दुखणं नाय उतरायचं."

विजेच्या मीटरवरही त्यांचा डोळा असे. भात तेवढंच, वेळ तेवढाच, तरी वीज जास्त गेली की म्हणत, "हा जास्तीचा घास दांड्याने खाल्ला. आत भेग वाढतेय."

शनिवार त्यांच्या धर्मात विसाव्याचा, ते कामाला शिवत नसत. विजेचं बटणसुद्धा नाही. मी विचारलं, "दांड्याला पण एक दिवस सुट्टी द्या की, बरा होईल." ते म्हणाले, "माणूस बसला की बरा होतो. लोखंडाचं दुखणं साठत जातं."

त्या शुक्रवारी दांडा एकशे दोनवर गेला. आठवड्यात तीन अंशांनी चढला होता. काकांनी मालकांकडून गिरणी बंद ठेवायचा शब्द घेतला. शनिवारी पोहे न्यायला ट्रक आला आणि मालकांनी गिरणी चालू केली. आम्ही सात बायका त्या पत्र्याला बाहेरून पाठ लावून निवडायला बसलो. वारा तिथेच लागायचा.

काका प्रार्थना करून घरी चालले होते. पांढराशुभ्र सदरा. गिरणीच्या पट्ट्याचा आवाज ऐकून आवारात शिरले.

"उठा गो सगळ्या! आंब्याखाली बसा."

"काका, आज शनवार," मी म्हटलं.

"तुझं तोंड नंतर चालव. ऊठ!"

आम्ही उठलो. मालक मागे ट्रकजवळ होते, हाका मारून ऐकेनात. काकांनी आत जाऊन खटका स्वतः ओढला. चाक मंदावत होतं, तेवढ्यात दांडा तुटला.

धुरळ्यातून ते बाहेर आले ते डोक्यापासून पायापर्यंत कोंड्याने माखलेले. मी म्हटलं, "बटणाला हात लावलात!"

"जीवासाठी चालतं. पण कसर मोजली नाय हां. आज शनवार."

मालकांनी पाय धरले, तर काका म्हणाले, "पाय सोडा, नवीन दांडा आणा."

पुढे ते मुलाकडे इस्रायलला गेले. जाताना थर्मामीटर मला दिलं. नातवंडांना मी तेच लावते.

त्या दिवशी गिरणीवर आम्ही सात बायका, ट्रकवाला, मालक आणि कसरकाका होतो. दहाच्या दहा जगलो.