घावनाची कड आणि आम्ही दोघी

१. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका गटाने आम्हा दोघींना सहभागी व्हाल का, असं विचारलं. मी हो म्हटलं.
२. माझी जुळी बहीण गौरी नाही म्हणाली. कारण सांगितलं नाही.
३. मी तिला भेटायला श्रीवर्धनला गेले.

आम्ही जन्मलो तेव्हा आई आजारी होती आणि तिच्या थोरल्या बहिणीला मूल नव्हतं. गौरी काही महिन्यांसाठी मावशीकडे गेली ती तिचीच झाली. मी पुण्यात वाढले. भेटी लग्नकार्यापुरत्या.

ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असा रस्ता. म्हसळ्यापुढे वळणं फार, एसटीत पुढची जागा धरा. श्रीवर्धनला सुपारीच्या वाड्यांमध्ये घरगुती खोल्या मिळतात. जेवण मात्र सकाळीच सांगून ठेवावं लागतं. मी मावशीकडे उतरले.

सकाळी मावशीने घावन घातले, सोबत गुळाचा नारळरस. मी कड आधी खाल्ली, मधला मऊ भाग शेवटी ठेवला. समोर गौरीच्या ताटातही तसाच गोल उरला होता.

"हे मी शिकवलंय हिला," मावशी कौतुकाने म्हणाली. मग माझ्या ताटाकडे बघून, "तुला कुणी शिकवलं गं?"

"कुणी नाही."

ती तव्याकडे वळली. पुढचा घावन करपला.

दुपारी आम्ही दोघी हरिहरेश्वरला गेलो. प्रदक्षिणेची वाट खडकांतून आहे, ओहोटीलाच जा; वेळ देवळापाशी विचारा. पायऱ्यांजवळची सरबतवाली मला म्हणाली, "काय गो गौरी, आज पँट? हापिसात लागलीस व्हय?"

"मी इकडे हाय," मागून गौरी. "ती पुण्याची शहाणी."

"मंग तिच्याकडून पैसे घेते. तुला फुकट."

खडकावर बसून सरबत पिताना गौरीने नकाराचं कारण सांगितलं. "उद्या ते अभ्यासवाले म्हणाले, हे सगळं जन्मतःच होतं, तर आईने इतकी वर्षं काय केलं? सकाळी तिचं तोंड बघितलंस ना?" ती मावशीला आई म्हणते.

सॉफ्टवेअर कुठे बिघडलं ते शोधणं हे माझं काम. दोन कारणं वेगळी करता आली नाहीत, तर निष्कर्ष काढायचा नाही. संध्याकाळी मावशी सुपारी कातरत होती. तिच्यासमोर मी आईला स्पीकरवर फोन लावला आणि ती घावन कसा खाते ते विचारलं.

"कड आधी. आमच्या आईने लावलेली सवय, ताईचीही तीच. तुला भरवायचेही तसंच. तू लहान होतीस, तुला कुठलं आठवणार."

अडकित्ता थांबला. "म्हणजे तीही तिकडे शिकवतच होती," मावशी म्हणाली आणि हसली.

तेव्हा ही सवय रक्तातून आली की ताटातून, ते आम्हा दोघींवरून ठरणार नाही. बाकीच्या सवयींचं मला माहीत नाही.

पुण्याला परतल्यावर मी घावन केले. मधला भाग उरल्यावर जरा वेळ हात थांबला. समोर कुणी नव्हतं.

गौरी, तू हे वाचतेस. वाढवणाऱ्यांशीही बोला, ही माझी अट त्या गटाने मान्य केली आहे. मावशीला विचार. तुझं नाही असेल, तर माझंही नाही. शुक्रवारपर्यंत कळव.