ताईचा अर्धा टेबलक्लॉथ

खिळेकाकांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. छापखान्यात चाळीस वर्षं शिशाचे खिळे, एकेका अक्षराचे, जुळवले, तेव्हापासून हेच नाव चिकटलं. उलटी अक्षरं वाचायची इतकी सवय, की सरळ छापलेला कागद हातात आला की क्षणभर बावचळायचे. लग्न केलं नाही. थोरल्या बहिणीने, ताईनेही नाही. दोघांनी एकाच घरात भांडत भांडत म्हातारपण गाठलं, आणि मग एका सकाळी ताई न भांडताच गेली.

मागे राहिला टेबलक्लॉथ. अर्धा भरलेला, भरतकामाच्या रिंगेत अडकलेला, एका पानाच्या मध्यावर सुई तशीच खोचलेली.

ताईकडे बिस्किटांच्या डब्यात भरतकामाच्या छापाचे जुने कागद होते, आईच्या वेळचे, पिवळे पडलेले. कागद कापडावर उपडा ठेवायचा, वरून गरम इस्त्री दाबायची, की निळी नक्षी कापडावर उतरते. एक कागद तीन-चार वेळा रंग देतो, मग तो नुसता कागद. घरातल्या अभ्र्यांवर, टॉवेलांवर, चादरींच्या काठांवर हीच फुलं वर्षानुवर्षं नांदत होती. या टेबलक्लॉथच्या वेळी गुलाबाच्या वेलाचा कागद अगदी शेवटाला आलेला. "यात एकच दम उरलाय," ताई म्हणाली होती. "कोपरा घट्ट धर. श्वाससुद्धा घेऊ नकोस." काकांनी श्वास धरला आणि नेमके शिंकले. कागद केसभर सरकला, कोपऱ्यातलं फूल दुहेरी उमटलं. ताईने त्यांना आठ दिवस फैलावर घेतलं.

निळी रेघ पाण्याने जाते, हे त्यांना माहीत होतं. नुसत्या दिवसांनीही जाते, हे माहीत नव्हतं. ताई गेल्यावर पाच महिन्यांनी त्यांनी कापड खिडकीशी धरलं, तर एक कळी शोधावी लागली. ताईने मांडून ठेवलेलं सगळं असंच विरून जाणार होतं.

ते कापड घेऊन समोरच्या शिलाईबाईकडे गेले.

"काका, ट्रेसिंग काढून ठेवूया की. पाच मिनिटांचं काम."

"ती रेघ तुझी होईल. मला ताईची हवी."

"मग द्या इकडे, मी भरून देते."

"अगं, भरून नको देऊस. मला शिकव."

शिलाईबाईने मशीन थांबवलं. "या वयात?"

"मुगाच्या दाण्याएवढे खिळे चिमट्याने उचललेत मी. सुई काय मोठी लागून गेली!"

लागून गेली खरी. जुन्या अभ्र्यावर गिरवता गिरवता बोटांची चाळण झाली. हळूहळू पुढची बाजू छापल्यासारखी नेटकी यायला लागली. मागची मात्र नुसता गुंता, गाठी आणि लोंबते दोरे. शिलाईबाई हसायची, "वरून कीर्तन, आतून तमाशा!"

मग ताईचा टेबलक्लॉथ हातात घेतला. जी रेघ जास्त फिकी, ती आधी. ऊन टेबलावर यायचं, सुई आत जायची, बाहेर यायची, आणि काम कुठलं नि डुलकी कुठली हे काकांना कळेनासं व्हायचं. त्या रेघेवरून जाताना वाटायचं, पुढे ताई चाललीय आणि आपण तिचा पदर धरून मागून. लहानपणी बाजारात ती अशीच भराभरा पुढे असायची. कधी स्वयंपाकघरात कप वाजल्यासारखं व्हायचं. काका मान वर करायचे नाहीत. केली असती, तर आवाज थांबला असता. दुहेरी फुलाच्या त्यांनी दोन्ही रेघा भरल्या, एकही सोडली नाही. भरताना हसू आलं आणि मग बराच वेळ सुईचं टोक दिसेना.

वर्षाने वेल पुरा झाला. कापड कोमट पाण्यात घातलं, तसं पाणी किंचित निळं झालं. ते ओतून द्यायला त्यांचा हात धजेना.

टेबलक्लॉथ अंथरून त्यांनी शिलाईबाईला चहाला बोलावलं. तिने वाकून वाकून पाहिलं. "कमाल केलीत, काका! ताईंचं कुठे संपलं नि तुमचं कुठे सुरू झालं, काही कळत नाही."

ती कौतुकानेच बोलली होती. काकांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी चष्मा पुसून शोधलं. सुई कुठल्या पानात खोचलेली होती? सगळी पानं सारखी, सगळे गुलाब सारखे. वर्षभर जिला धरून ठेवायला धडपडले, ती त्यांच्याच टाक्यांत हरवली होती.

काकांनी कप उचलले, टेबलक्लॉथ काढला आणि उलटा करून पुन्हा अंथरला. एका बाजूला ताईचे टाके, मागूनही स्वच्छ, गाठ शोधून सापडायची नाही. मग एका पानाच्या मध्यावर पहिली गाठ, आणि तिथून पुढे सगळा तमाशा.

"अहो काका, उलटा घातलात!"

"असू दे, मला उलटंच नीट वाचता येतं." त्यांनी त्या पानावर बोट ठेवलं. "हे बघ. इथवर ताई आहे."