बाथटबमधले खेकडे

धोंडू पळसदरीहून नेरळला माझ्या दारात येऊन उभा राहिला. पाणीसुद्धा घेतलं नाही. "ताय, आपली शालूबाय गेली," एवढंच म्हणाला... त्याला आता महिना झाला. मधल्या काळात विद्यापीठाने शोकसभा घेतली आणि तिथे तिला 'आमच्या विभागाच्या निष्ठावंत संशोधक' म्हटलं गेलं. माझं डोकंच फिरलं. ज्यांनी हाकललं त्यांनीच हार घालायचा? वा रे वा!

शालिनी आणि मी एकाच विभागात संशोधन सहायक होतो. खेकडे भातखाचरांचे बांध पोखरतात, पाणी निघून जातं, लावणी फुकट जाते. हे थांबवायचं कसं, ते शोधायला सरकारने पैसा दिला होता. खेकडे ठेवायला पळसदरीत सिमेंटचे हौद बांधायचे होते. बांधलं काय? साहेबांसाठी विश्रामगृह! गुलाबी फरशी, पडदे, आणि त्या गावात कुणी कधी न पाहिलेला बाथटब.

शालिनीने हौदांची खूप वाट पाहिली. मग खाचरं कसणाऱ्या धोंडूकडून टोपलीभर खेकडे आणवले, टबात माती-पाणी भरलं आणि दिले सोडून. टबाच्या अंगावर तैलरंगाने लिहिलं, 'संशोधन चालू आहे. हात घालू नये.'

"बाय, सायब आंघोळीला आला म्हंजे गं?" धोंडू हसून बेजार.

"येऊ दे की! पैसा कुठे मुरलाय ते बघू दे."

विभागप्रमुख खरंच आले, खांद्यावर टॉवेल टाकून... त्यांच्या किंकाळीची नक्कल धोंडू पुढे कितीतरी वर्षं करून दाखवायचा.

पुढच्याच आठवड्यात आम्हा दोघींपुढे कागद आला. हौद बांधून पूर्ण, काम समाधानकारक, खाली सही करा. मी केली. वडील अंथरुणावर होते, भावाचं शिक्षण होतं... कारणं मला आजही तोंडपाठ आहेत. शालिनीने कागद परत सरकवला. "हौद दाखवा, लगेच सही करते." तिची नोकरी गेली, पीएचडी गेली. मला बढती मिळाली. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर फार बरं झालं असतं.

साहेबांनी तो टब बाहेर फेकला, तो तिने धोंडूच्या परसात नेऊन ठेवला. शाळेत शिकवून पोट भरलं आणि सुट्टीत खेकडे पाळले, वह्या लिहिल्या. त्या कुणी छापल्या नाहीत. धोंडूचा बांध मात्र फुटायचा थांबला.

गेल्या रविवारी मी गेले होते. टब तिथेच आहे, अक्षरं पुसट झालीत.

"गुरांच्या पाण्याला घेऊ का आता?" धोंडूने विचारलं.

"खबरदार!" म्हटलं, आणि नेरळहून आणलेला रंगाचा डबा उघडला. तिची अक्षरं एकेक करून गिरवली. मग खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हौद बांधलेच नव्हते.' आणि सही केली.