आमच्या कॅम्परची वीज कोण पीत होतं

पन्नाशी जवळ आली की शहाणी माणसं गुडघ्यांकडे लक्ष देतात. मी एक जुना पिकअप टेम्पो घेतला आणि त्याच्या हौद्यावर प्लायवूडची खोली बांधली. मी तिला कॅम्पर म्हणतो. बायको 'तुमचं कपाट' म्हणते.

या कपाटात पलंग आहे, लहानसा फ्रिज आहे, पंखा, दिवे आणि पाण्याचा पंप आहे. या सगळ्यांसाठी एक वेगळी, मोठी बॅटरी आहे. इंजिनची बॅटरी गाडी चालू करणार आणि ही दुसरी घर चालवणार, असं ठरलं होतं. पहिलीने आपलं काम चोख केलं. दुसरी दर रविवारी मेलेली सापडायची.

हा सगळा खटाटोप बायकोला समुद्र दाखवण्यासाठी होता. लग्न झालं तेव्हा कोकणात जाऊ म्हणालो होतो. आधी भाताची लावणी आली, मग कंपनीतल्या शिफ्टा, मग मुलांच्या परीक्षा. समुद्र काही पळून जात नाही, या भरवशावर मी तिची निम्मी उमर काढली. तिची मागणी अगदी माफक होती. सकाळी उठून समुद्रासमोर बसायचं आणि चहा दुसऱ्या कुणीतरी करायचा. मला वाटलं, यासाठी फ्रिज, पंप आणि पलंग तर हवाच.

वराळ्याला आम्ही राहतो त्या सोसायटीच्या कमिटीला हे वाहन आहे की अनधिकृत बांधकाम, ते ठरवता आलं नाही. म्हणून कॅम्पर नाणे मावळात आमच्या गावी, वडिलांकडे म्हणजे आबांकडे, गोठ्याशेजारी ठेवला. छतावर मी सोलर पॅनल बसवलं होतं. ते पावसात खराब होऊ नये म्हणून गाडी पत्र्याच्या पडवीखाली लावली. सूर्याची आणि पॅनलची ओळख करून द्यायची तेवढी राहून गेली. त्यामुळे रविवारी गावी जायचं, घरातल्या प्लगवरून बॅटरी चार्ज करायची आणि संध्याकाळच्या आत परतायचं, असा क्रम सुरू झाला. परतताना चार्जर मी पिशवीत घालून नेत असे. आबांनी त्याला भलतंच काही जोडू नये, एवढाच हेतू होता.

पहिली चाचणी लोणावळ्यात झाली. एका रविवारी तासाभराचं चार्जिंग पुरेल असं मानून आम्ही भुशी धरणाच्या वरच्या अंगाला, मक्याच्या कणसांच्या गाड्यांपलीकडे कॅम्पर उभा केला. बायकोने हौसेने पलंगावर चादर घातली. पंखा फिरला, मग विचारात पडल्यासारखा फिरला, मग थांबला. फ्रिजमधलं दूध नासलं होतं. शेजारच्या गाडीतली मुंबईची मंडळी आमच्याकडे कुतूहलाने पाहत होती.

"अहो, यांना वाटतंय आपण कणसं विकतो," बायको म्हणाली. "खिडकीतून एक-दोन विकून तरी टाका. तेवढंच पेट्रोल निघेल."

उर्शाला ओळखीचा एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. त्याला गाडी दाखवली. तो भोवती एक चक्कर मारून म्हणाला, "साहेब, ही गाडी हाय का घर? आधी ते ठरवा. मंग वायरिंगचं बघू."

पहिल्या वेळी त्याने रेडिओला दोष दिला आणि रेडिओ काढला. पुढच्या वेळी रिले बदलला. मग अल्टरनेटरवर संशय आला. बॅटरी तरीही मरत राहिली. शेवटी तो म्हणाला, "काही गाड्यांचा स्वभावच असतो साहेब." एवढं तर मी माझ्या गाडीबद्दल फुकट सांगू शकलो असतो.

मग मी स्वतःच कामाला लागलो. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, मल्टिमीटर आणला. पद्धत सोपी आहे. कॅम्परमधलं सगळं बंद करायचं, बॅटरीतून तरीही किती करंट जातोय ते मोजायचं आणि एकेक फ्यूज काढत राहायचं. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल, तिथे चोर. मी रविवारची अख्खी दुपार गाडीखाली उताणा पडून काढली. आकडा जवळजवळ शून्य होता. एकेक फ्यूज काढला, एकेक परत लावला, आकडा ढिम्म. गाडी निर्दोष निघाली. मुख्य स्विच बंद करून गेलो तरी पुढच्या रविवारी बॅटरी पुन्हा थंडगार. म्हणजे मी समोर असताना वीज सोवळ्यात राहायची आणि माझी पाठ वळली की पळून जायची.

एक गोष्ट मात्र लक्षात आली होती. बॅटरीची टर्मिनल कायम स्वच्छ, वर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवलेला. उर्शाच्या इलेक्ट्रिशियनने निदान एवढं काम नीट केलंय, असं मी मनात म्हटलं आणि त्याच्याबद्दल वाईट बोलल्याची टोचणीही लावून घेतली.

आबा गोठ्याच्या दारात उभं राहून हे सगळं पाहत असत. एकदा त्यांनी विचारलं, "काय चाललंय रं?"

"काही नाही आबा," मी गाडीखालून म्हणालो. "टेक्निकल आहे."

"बरं," ते म्हणाले आणि वैरण टाकायला गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं, आता काहीही झालं तरी निघायचं. रविवारी बॅटरी पूर्ण भरून ठेवली. सुट्टी लागली तशी आम्ही उजाडायच्या सुमारास मोटरसायकलवर सामान बांधून गावी आलो. नेहमी मी ऊन तापल्यावर पोचायचो. या वेळी लवकर निघून दुपारच्या आत समुद्र गाठायचा होता.

आधी बायकोला दिसलं. कॅम्परच्या बाजूला बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडं होतं आणि त्यातून एक लाल आणि एक काळी वायर निघून पडवीच्या खांबावरून शेताकडे गेली होती. बांधाच्या टोकाला, बांबूवर एक डबी टांगलेली. तिच्यातून टक्, टक्, टक् असा आवाज येत होता.

शेताकडून आबा आले. "आलास? येवढ्या सकाळी? थांब, काढतोच हाय."

"आबा, हे काय?"

"झटका मशीन. डुकरं येत्यात न्हवं भातावर. तारेला तोंड लागलं की झटका बसतो, पळत्यात."

"ते माहितीये. पण माझ्या बॅटरीवर?"

"मंग? मशीनची बॅटरी गणपतीत मेली. नवी आनतो म्हनलावतास तू."

म्हणालो होतो. जेवता जेवता म्हणालो होतो. ताटात याच शेतातला इंद्रायणी भात होता आणि तोंड भरलेलं होतं.

"अहो पण मला पुन्हा सांगायचं ना."

"सांगितलं की. येकदा." त्यांनी चिमटे काढून वायरीची नीट गुंडाळी केली. "आन तूच म्हनलास न्हवं, बॅटरी नुसती हुबी ऱ्हायली की खराब व्हती, वापरात पायजे. मी वापरात ठिवली. टरमिनलला व्हॅसलिन बी लावतो."

बायको आधी ओठ दाबून उभी होती. व्हॅसलिनवर ती हसायला लागली आणि तिला पायरीवर बसावं लागलं.

मी मीटर लावला. सवयीने. बॅटरी अर्थातच आडवी व्हायला टेकली होती. चिमटे थेट टर्मिनलला लागत असल्यामुळे माझा मुख्य स्विच, माझे फ्यूज आणि माझं ज्ञान, सगळं एका बाजूला राहून जात होतं. रात्री कुंपणाला लागणारी वीज सकाळी बंद व्हायची आणि मी दुपारी येऊन चोर शोधायचो. आबांच्या भाताचे डबे मात्र वर्षभर आमच्या वराळ्याच्या स्वयंपाकघरात बिनतक्रार भरले जात होते. त्या बाजूचा हिशेब तपासावा असं मला कधी सुचलं नाही.

भात पिवळं झालं होतं. कापणी तोंडावर आलेली. बॅटरीवाल्यांची दुकानं सुट्टीला बंद. कॅम्पर नेला तर रात्री शेत उघडं, नाही नेला तर समुद्र पुन्हा पुढे. अशा वेळी मी जे करतो तेच केलं. दोघांकडे आळीपाळीने अपराधी चेहऱ्याने पाहिलं. हा चेहरा मला उत्तम जमतो. घरातले सगळे त्याला कंटाळले आहेत.

"न्या की गाडी," आबा म्हणाले. "मी बसतो डबा वाजवत. पूर्वी काय मशीन व्हतं का?"

"काही नको आबा," बायको म्हणाली. "गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. दिवसा चार्जरला लावा, रात्री कुंपणाला. तुम्ही झोपा निवांत." मग माझ्याकडे वळून, "अहो, पिशवीतला चार्जर काढा आणि आबांना द्या. लोणावळ्याला एसटी धरू. खोपोलीला बदलू."

"पण कॅम्पर..."

"कॅम्पर रानडुकरं हाकतोय. मला समुद्र बघायचाय."

एसटीत खिडकी तिला, पिशव्या मला. खोपोली गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "परत येताना आधी बॅटरीचं दुकान. घर नंतर."

मिळाली ती खोली समुद्राकडे पाठ करून होती, पण तिला प्लग होता, पंखा होता आणि तो फिरत होता. सकाळी बायको वाळूवर जाऊन बसली. मी मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात चहा केला. त्या मागे उभ्या राहून पाहत होत्या, बहुधा भांड्याच्या काळजीने. दोन पेले घेऊन मी वाळूतून चाललो होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"डुकरं आली न्हाईत," आबा म्हणाले. "गाडी बी बरी हाय. चार्जरची लाल वायर कुटं लावायची?"

"लालला लाल, आबा. काळ्याला काळी. आधी चिमटे लावा, मग प्लग चालू करा."

"येवढंच व्हय?" ते म्हणाले. "मला वाटलं लय टेक्निकल आसंल."

बायकोला सगळं ऐकू आलं होतं. ती समुद्राकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. मी पेला तिच्या हातात दिला. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि तरी सगळा चहा संपवला.

"साखर कमी होती," ती पेला पुढे करून म्हणाली. "आणखी आहे?"

नव्हता. मी दोन्ही पेले घेऊन पुन्हा चहा करायला गेलो.