बकिंगहॅमशरमधलं शेवटचं ठिकाण

"बकिंगहॅमशरला समुद्र नाही," मराठी मंडळाच्या सहलीचा कोच मिल्टन कीन्समधून निघाला तेव्हा मी माइकवर म्हणाले. "लाटा बघायच्या तर दुसऱ्याच्या काउंटीत जावं लागतं." लोक हसले. तिसऱ्या रांगेतली ती बाईही हसली. कोचमध्ये चढताना मला म्हणाली होती, "कशी आहेस गं? किती वर्षांनी!" जसं काही आमच्यात कधी काही घडलंच नव्हतं.

घडलं होतं ते असं. सहा वर्षांपूर्वी मी नागपूरहून वर्क व्हिसावर इथे इंग्लंडला आले, सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीला. मराठी ग्रुपवर हिच्या मिल्टन कीन्समधल्या घरातली एक खोली भाड्याने असल्याचं वाचून तिथे राहायला गेले. मी तिला ताई म्हणायचे. पहिले तीन आठवडे ती मला रोज सकाळी चहाला हाक मारायची. मग एका रविवारी स्वयंपाकघरात पोहे करताना बाबांचा फोन आला. फोन ठेवताना मी नेहमीसारखं "जय भीम, बाबा" म्हणाले. ताई मागे उभी होती.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर माझ्यासाठी वेगळी कढई, वेगळं ताट, वेगळा ग्लास. "तुझं तुला बरं पडेल गं," ती म्हणाली. चहाची हाक बंद झाली. गुरुवारी तिने सांगितलं, "सासूबाई येतायत राहायला. खोली लागेल. रविवारपर्यंत बघ काहीतरी."

मी बॅगा उचलल्या. पुढच्याच आठवड्यात तीच खोली ग्रुपवर पुन्हा दिसली. खाली लिहिलं होतं, 'फक्त शाकाहारी, चांगल्या घरातली मुलगी'. शाकाहारी मीही होते. 'चांगल्या घरातली' हे कुणासाठी लिहिलंय ते कळायला मला वेळ लागला नाही.

ही काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, मला माहीत झाली ती अशी. आधी एल्सबरीत एका खोलीत राहिले, मग वायकमला, मग पार दक्षिणेला थेम्सच्या काठी मार्लोला. ऑफिस मिल्टन कीन्सलाच होतं, त्यामुळे अख्खी काउंटी उभी ओलांडत मी कामावर यायचे. उत्तरेला राउंडअबाउटांचं आखीव शहर, मध्ये चिकणमातीचा सपाट मुलूख, खाली चुनखडीच्या टेकड्या, बीच झाडांची जंगलं आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी. रागात पाहिलेलं सगळं पाठ होतं. म्हणून मंडळाने सहल ठरवली तेव्हा माहिती सांगायचं काम माझ्याकडे आलं. यादीत त्या बाईचं, तिच्या नवऱ्याचं आणि सासूबाईंचं नाव वाचलं, आणि त्याच दिवशी मी परतीचा रस्ता बदलून घेतला.

दिवसभर मी मन लावून बोलले. एल्सबरीची पांढरी बदकं लंडनच्या बाजारात चालवत न्यायचे, तेव्हा पाय सोलू नयेत म्हणून ते डांबरात बुडवायचे, असं सांगतात, हे सांगितलं. जंगलात बसून खुर्च्यांचे पाय घडवणाऱ्या कारागिरांबद्दल सांगितलं. वायकमला म्हणाले, "इथे दरवर्षी मेयरला भर चौकात तराजूत बसवतात. वजन वाढलेलं निघालं तर लोकांच्या पैशावर खाल्लं म्हणून हुर्यो उडवतात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या बाईनेही. मी तिच्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी कोच मिल्टन कीन्समध्ये शिरला. मी ड्रायव्हरला एका बसथांब्यावर थांबायला सांगितलं. समोर कुंपणापलीकडे विटांचं घर होतं.

"हे शेवटचं ठिकाण," मी म्हणाले. "या घरात मी चार आठवडे राहिले. माझ्या तोंडून 'जय भीम' ऐकल्यावर इथे माझं ताट वेगळं झालं. सासूबाई येणार म्हणून मला चार दिवसांत बाहेर काढलं." नाव मी घेतलं नाही. घ्यायचंही नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई खिडकीला नाक लावून मोठ्याने म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं घर!"

"आई, गप्प बसा," बाई पुटपुटली.

त्यांना कमी ऐकू येत असावं. त्या माझ्याकडे वळल्या. "कधीची गोष्ट ही?"

"सहा वर्षांपूर्वीची, आजी."

"पण मी तर पहिल्यांदाच आलेय इकडे. या उन्हाळ्यात." मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. "माझं नाव कशाला पुढे केलंस?"

हे मी ठरवलेलं नव्हतं. मला फक्त घर दाखवायचं होतं. बाईचा चेहरा मानेपासून कानापर्यंत लाल झाला, नवरा बुटांकडे बघत राहिला, आणि मी माइक हातात धरून ते सगळं डोळे भरून पाहिलं. सहा वर्षं मी या चेहऱ्याची वाट पाहिली होती.

मंडळाच्या अध्यक्षांचा दुसऱ्या दिवशी फोन आला. "सहलीचा विचका केलात तुम्ही. हे विषय भारतातच ठेवायचे."

"हा विषय मी आणला नव्हता," मी म्हणाले. "मला तो इथे आल्यावर मिळाला."

त्यानंतर मला कुठल्या सहलीला बोलावलं नाही. काहींनी ओळख दाखवणं सोडलं. कोचमधल्या एका मुलीने मात्र लिहिलं, की कुणी आडनाव विचारलं की ती अजूनही विषय बदलते. आम्ही आता महिन्यातून एकदा भेटतो.

त्या आजींच्या जिवाला त्रास झाला, त्याचं वाईट वाटतं. त्यांच्या सुनेचं वाटत नाही. मनाला खूप विचारून पाहिलं, तरी नाही वाटत. आठवड्याने तिचा मेसेज आला, 'तू हे मुद्दाम केलंस.'

मी उत्तर पाठवलं, 'हो.'